बहुरूप्याला अडवणार कोण?

"दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद आणि गुरुग्राम या पंचक्रोशीत भाऊसाहेब रामटेके हे नाव ऐकताच गुन्हेगारांच्या तोंडचं पाणी पळतं. त्यांची नजर ससाण्याची, कान सशाचे आणि बुद्धी... बुद्धीला साजेशी उपमा शोधण्याचं काम चालू आहे. वेषांतरात त्यांचा हात धरील असा माणूस विंध्याच्या उत्तरेला नाही. दक्षिणेला असल्यास त्यानं पत्ता कळवावा."

हा मजकूर मामांनी सांगितला आणि मी टाइप केला. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला तो जसाच्या तसा आला पाहिजे, अशी त्यांची अट आहे. ती मी पाळते, कारण मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ आहेत आणि आईचा रोज फोन येतो.

मी अक्षया. नोएडातल्या एका वृत्तवाहिनीत एडिटिंग करते. मामा एका सरकारी छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आता गुन्हे शोधायचे, त्यात नवीन काय, असं ते म्हणतात. मला गाडी चालवता येते, म्हणून मी त्यांची सहायक. आजवर त्यांच्याकडे एक हरवलेली कुंडी आणि एक संशयास्पद कबूतर अशी प्रकरणं आली. कबूतर अजून मोकाट आहे.

बहुरूप्याचं प्रकरण मात्र माझ्याच ओळखीतून आलं, त्यामुळे दोष कुणाला देणार!

दर रविवारी दुपारी आम्ही काही जण धम्मपालदादाच्या घरी, त्याच्या जेवणाच्या टेबलाभोवती एक खेळ खेळतो. त्यात प्रत्येकानं एक पात्र व्हायचं आणि त्या पात्राच्या तोंडून बोलायचं. काय करायचं ते आपण सांगायचं, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. बाकी सगळं जग, म्हणजे पाऊस, नद्या, म्हशी आणि पहारेकरी, धम्मपालदादा एकटा चालवतो. खेळही त्यानंच रचलाय. महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो पानिपत दाखवायला नेतो. पाहुणे तिथे थोडा वेळ हळहळतात आणि उरलेला दिवस चादरी घेतात. चादरींच्या दुकानाबाहेर ताटकळताना त्याला 'परतवाट' सुचली. लढाई हरलेली आहे, आपण कसेबसे वाचलोय आणि एकेक चौकी ओलांडत नर्मदेपलीकडे घरी पोचायचंय.

माझं पात्र वैदू. जखमा बांधते आणि मधल्या वेळात डुलकी काढते. उन्मेष आयटीतला, तो घोडेस्वार. आणि प्रणिता बहुरूपी. गावोगाव सोंगं घेऊन फिरणारा असतो तोच, फक्त या खेळात त्याला खरोखरच दुसऱ्याचं रूप घेता येतं. भांडण लागलं ते या रूप घेण्यावरूनच. उन्मेषचं म्हणणं, ही शक्ती बेसुमार आहे, तिच्यापुढे बाकीच्यांना कामच उरत नाही. धम्मपालदादाचं म्हणणं, कागदावर सगळं बरोबर आहे. शेवटी बाहेरचा कुणीतरी निःपक्ष माणूस आणून निकाल लावायचा असं ठरलं. माझ्या तोंडून मामांचं नाव गेलं. नंतर मी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

ठरलेल्या रविवारी मामा निळा डगला, हातात पाना आणि नाकाखाली मिशी असे खाली उतरले.

"हे काय?"

"प्लंबर. संशयितांना आपण येतोय हे कळता कामा नये."

"मामा, उन्मेषनं ग्रुपवर टाकलंय. 'मामा चार वाजता येणार.' सगळ्यांनी अंगठे दिलेत."

"तोही माझ्याच योजनेचा भाग," मामा म्हणाले आणि गाडीत बसले.

सोसायटीच्या फाटकाशी ते उतरले आणि एकटे पुढे गेले. मी काच खाली करून ऐकत राहिले.

"किसके यहाँ जाना है?" गार्डनं विचारलं.

"नल ठीक करना है।"

"कौन सा टावर? किसने बुलाया? ऐप पर एंट्री कहाँ है? थैला खोलो।"

मामांनी थैला उघडला. त्यात एक भिंग आणि आईनं दिलेला चिवडा निघाला. नळाशी दोन्हीचा संबंध काय, हे गार्डला काही केल्या पटेना. तेवढ्यात मागून काळ्या काचांची एक पांढरी गाडी आली आणि तिनं एकदाच हॉर्न दिला. गार्डनं थैला टाकून सलाम ठोकला, अडसर वर केला, गाडी आत. आत जाऊन ती थांबली, दार उघडलं, तर मागच्या सीटवर कुणीच नव्हतं. ड्रायव्हर दह्याची पिशवी घेऊन आला होता. शेवटी मीच धम्मपालदादाला फोन करून मामांची एंट्री मंजूर करून घेतली.

"पाहिलंस?" मामा लिफ्टमध्ये मिशी दाबत म्हणाले. "किती वेळ अडवलं मला! वेषांतर हुबेहूब असल्याशिवाय माणूस इतका अडवला जात नाही."

वर सगळे जमले होते. श्रावस्ती वहिनी, म्हणजे धम्मपालदादाची बायको, सोफ्यावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसली होती. ती कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. दर रविवारी तिचं जेवणाचं टेबल आम्ही बळकावतो आणि दर रविवारी ती आमच्याकडे न बघता आम्हाला ताक देते.

"कोण मेलंय?" मामांनी आल्या आल्या विचारलं.

"कुणी नाही, मामा. बॅलन्सचा प्रश्न आहे," उन्मेष म्हणाला. "म्हणजे बघा, माझा घोडेस्वार. तलवार, घोडा, सगळं आहे. पण प्रत्येक चौकीवर ही कुणाचं तरी रूप घेते, पहारेकरी वाकून सलाम करतात आणि आपण सगळे तिच्या मागून आत. गेले कित्येक रविवार मी तलवार उपसलेली नाही. यार, माझा घोडा जाड झालाय!"

"आणि माझा निकाल विरुद्ध गेला तर?"

"बहुरूपी खेळातून काढायचा. सगळ्यांनी मान्य केलंय."

सगळ्यांनी म्हणजे प्रणितानंही. ती टेबलाच्या टोकाला हात मांडीवर घेऊन बसली होती. प्रणिता हिंगोलीकडची, सेनगावची. राजेंद्रनगरात राहून यूपीएससीचा अभ्यास करते आणि दर रविवारी मेट्रोनं इथवर येते. एरवी तिचा आवाज ऐकायला कान टवकारावे लागतात. मध्यंतरी क्लासमध्ये सरावाची मुलाखत झाली. मंडळावरच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "स्वतःबद्दल सांगा." प्रणिताचा घसा जो बसला तो रूमवर जाईपर्यंत उघडला नाही. आणि हीच मुलगी सरदाराचं सोंग घेतलं की अशी गरजते की शेजारचे बेल वाजवतात.

"दादा, निकाल काय लागेल तो लागू दे," ती हळू आवाजात म्हणाली. "राग नाही कुणावर. पण बहुरूपी गेला तर मी यायची नाही. दुसरं पात्र घेऊन मला बोलता येत नाही. आठवड्यातून एकदाच तर नीट बोलते मी."

धम्मपालदादानं मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं. उन्मेषलाही वाटलं असावं, कारण तो उगाच चिवडा खायला लागला. तो मामांच्या थैल्यातला होता.

"काळजी नको. आरोपी कुठे आहे? फासा!" मामा म्हणाले. "फाशात खोट असणार. एक बाजू जड केली की हवं ते दान पडतं. असा फासा मिठाच्या पाण्यात तरंगतो आणि जड बाजू खाली ठेवतो."

मिठाचं पाणी म्हणून त्यांनी समोरचं ताक पुढे ओढलं आणि त्यात फासा सोडला. ताक पांढरं. फासा तरंगला की बुडाला, काहीच दिसेना. कळण्यासाठी मामांना ताक संपवावं लागलं. शेवटच्या घोटाला ते एकदम थांबले, डोळे मोठे केले आणि फासा अलगद तळहातावर काढला.

"बुडाला होता. चांगलं झालंय ताक."

"पण मामा," मी म्हणाले, "प्रणिता फासा टाकतच नाही. पहारेकऱ्याला शंका आली आणि त्यानं ओळख विचारली, तरच बहुरूप्यानं फासा टाकायचा असा नियम आहे. तशी वेळच येत नाही."

"सहायकानं मधे बोलू नये. मुद्दा क्रमांक दोन. धम्मपाल, तू कुठला?"

"नांदेडचा."

"आणि ही हिंगोलीची! जिल्ह्यांच्या सीमा लागून आहेत. पहारेकरी कोण? धम्मपाल. सलाम कोण करतो? धम्मपाल. हा कट आहे!"

"मामा, मी परभणीचा," उन्मेष म्हणाला. "माझी सीमा दोघांनाही लागते."

"मग तूच सूत्रधार."

"मीच तर तुम्हाला बोलवायला लावलं!"

"सूत्रधार नेमकं तेच करतात," मामा म्हणाले. पण भंडारा जिल्हा मध्ये आणूनही त्यांना पुढे काही जोडता येईना, तेव्हा त्यांनी तो विषय सोडला.

मग त्यांनी खुद्द शक्तीची उलटतपासणी घेतली. धम्मपालदादानं शांतपणे मर्यादा सांगितल्या. ज्याला पाहिलंय त्याचंच रूप घेता येतं. रूप सूर्यास्तापर्यंत टिकतं. बदलतं ते फक्त दिसणं. आवाज आपलाच, ताकद आपलीच.

"म्हणजे हत्ती झाला तरी?"

"झाड उपटता येणार नाही."

"मग हत्ती होऊन उपयोग काय?"

"मिरवणुकीत चालता येतं."

मामा येरझाऱ्या घालू लागले. "घोडेस्वार पळतो, मारतो. वैदू जखमा भरतो. हा नुसता दिसतो! कागदावर सगळ्यांत दुबळा आणि खेळात सगळ्यांत बलाढ्य. मूळ प्रत बरोबर आणि छापलेलं चूक, तर चूक मधे कुठेतरी शिरली आहे. उठ, मुली. आता बहुरूपी मी होणार."

प्रणितानं निमूटपणे जागा दिली. आग्र्याच्या अलीकडची चौकी, भाला घेतलेला पहारेकरी. मामांनी डोळे मिटले आणि जाहीर केलं, "मी भिस्ती झालो. पाठीवर पाण्याची पखाल."

धम्मपालदादाचा चेहरा पाहता पाहता पहारेकऱ्याचा झाला. "ए, थांब! कुठून आलास? कुणाकडे चाललास? पखाल खाली ठेव. तोंड उघड तिचं. टाक फासा."

फासा पडला तीनवर. भिस्ती पकडला गेला. मामा भाजीवाला झाले. दादानं टोपलीतली वांगी एकेक करून तपासली आणि फासा पुन्हा दगा देऊन गेला. मामा धोबी झाले, तर दादानं गाढवाचाही पत्ता विचारला.

"आता तू ये," मामा कपाळ पुसत म्हणाले. "तीच चौकी, तोच पहारेकरी."

प्रणिता बसली. पाठ ताठ झाली, हनुवटी वर गेली. तिनं सरदाराचं रूप घेतलं आणि दादाकडे असं काही पाहिलं की मीच पाय खाली घेतले.

"घोडा पुसून ठेवा," ती म्हणाली. "आणि आमच्या जेवणाचं काय केलंय?"

धम्मपालदादा खुर्चीतून अर्धा उठला. खेळात नव्हे, खरंच उठला. "जी, हुजूर. या, आत या. तयारच आहे."

ना प्रश्न, ना फासा. चौकी पार.

"बघा!" उन्मेष ओरडला.

मामांनी टेबलावर पाना आपटला. "सुटलं! हे संमोहन आहे. शक्ती बहुरूप्यात नाही, मुलीच्या डोळ्यांत आहे. तीच चौकी, तोच फासा, माझ्यासारखा निष्णात माणूस तिन्ही वेळा अडकतो आणि ही सरळ आत जाते, याला दुसरा अर्थ नाही. निकाल असा, की बहुरूपी—"

प्रणितानं स्वतःचा फासा उचलला आणि पिशवीत टाकला. कुणाकडेही न बघता ती पाण्याची बाटली शोधायला लागली.

"धम्मा," सोफ्यावरून आवाज आला. श्रावस्ती वहिनीनं उत्तरपत्रिकेतून डोकंही वर काढलं नव्हतं. "तिला विचारलंस का, कोण म्हणून?"

"कुणाला?"

"सरदाराला."

"सरदाराला कसं विचारणार? सरदार आहे तो."

"नियम काय आहे?"

"शंका आली तर विचारायचं."

"मग भिस्त्याची आली, भाजीवाल्याची आली, गाढवाचीसुद्धा आली. सरदाराची का नाही आली?"

वहिनीनं पेनाला टोपण लावलं.

"बॅलन्स-बॅलन्स काय करताय, तिची शक्ती ठीकच आहे. हा मोठ्या माणसाला विचारतच नाही. गेस्ट हाऊसच्या रिसेप्शनला बसतो दिवसभर. साध्या माणसाला तीन ओळखपत्रं मागेल, आणि कुणी गॉगल लावून 'मंत्रालय से हूँ' म्हटलं की चावी काढून देतो. परवा घरी एक जण आला. म्हणाला, 'ऊपर से आया हूँ।' यानं त्याला सोफ्यावर बसवलं, चहा दिला, बिस्किटं दिली. वरच्या मजल्यावरचा शेजारी होता तो. आमच्या टीव्हीच्या आवाजाची तक्रार घेऊन आला होता."

उन्मेष हसायला लागला. मग दादाकडे पाहून थांबला.

मला खालचं फाटक आठवलं. मामांचा उघडायला लावलेला थैला आणि दह्याच्या पिशवीला ठोकलेला सलाम. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं आणि मी एंट्री मंजूर करण्यात गुंतले होते.

"माझे बाबा शिपाई होते," धम्मपालदादा म्हणाला. "प्रत्येक दारावर त्यांना विचारायचे, कोण, कुठून, कशाला. मी बोट धरून बाजूला उभा असायचो. फार राग यायचा मला त्या दारावरच्या माणसाचा." त्यानं मामांकडे पाहिलं. "सॉरी मामा. तुमची वांगीसुद्धा मोजली मी."

"वांगी ताजी होती," मामा म्हणाले.

वहिनी उठली आणि आपला गठ्ठा घेऊन टेबलाशी येऊन बसली. "त्यात काय! उपाय सोपा आहे. चौकीवर येईल त्या प्रत्येकाला विचारायचं, मोठा असो की लहान. शंकाबिंका काही नाही. बहुरूप्याला हात लावू नका. प्रणिता, काढ तो फासा बाहेर."

"आणि मला लढाई मिळेल?" उन्मेषनं विचारलं.

"सोंग उघडं पडलं तर मिळेल की."

मग तीच चौकी पुन्हा मांडली. प्रणिता पुन्हा सरदार झाली, पुन्हा घोडा पुसायला सांगितला. धम्मपालदादाचे कान लाल झाले. त्याचे हात टेबलाच्या कडेला घट्ट होते, नाहीतर तो परत उठला असता.

"हुजूर..." तो म्हणाला. "माफी असावी. आपण... आपण कोण?"

"वा!" वहिनी म्हणाली.

प्रणितानं फासा टाकला. तो गरगरत मामांच्या पान्याला धडकला आणि थांबला. दोन.

सरदाराचं रूप गळून पडलं. उन्मेषनं आनंदानं आरोळी ठोकली, "तलवार उपसली! घोडा तयार!"

"थांब," प्रणिता म्हणाली.

पहारेकऱ्यानं भाला पुढे केला. "मग तू कोण?"

तोच प्रश्न. मुलाखतीतला. मला वाटलं, आता हिचा घसा बसणार. प्रणितानं आधी टेबलाकडे पाहिलं, मग दादाकडे. तिची हनुवटी वर गेली नाही, पाठही ताठ झाली नाही. ती होती तशीच बसून बोलली.

"मी बहुरूपी. सेनगावकडची. सोंगं करून पोट भरते. लढाईला आले होते, हरले. आता घरी चाललेय." आवाज कापत होता, पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला स्वच्छ ऐकू येत होता. "अडवायचं तर अडवा. पण त्याआधी पाणी द्या, लांबून आलोय आम्ही."

दादानं भाला, म्हणजे हातातलं पेन, आडवा ठेवला.

"पाणी आणा रे यांना," पहारेकरी म्हणाला. "आणि जाऊ दे. सगळ्यांना."

"यार!" उन्मेषनं कपाळावर हात मारला. "म्हणजे आत्ताही लढाई नाही?" पण त्यानं तलवार म्यान केली आणि स्वतःच्या हातानं प्रणितापुढे ताकाचा पेला सरकवला. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. माझेही डोळे भरून आले, लपवण्यात अर्थ नाही.

परतताना मामा गाडीत बसून सांगू लागले, "लिही. 'भाऊसाहेबांनी स्वतः भिस्त्याचं रूप घेऊन जो अजोड प्रयोग केला, त्यातून रहस्य आपोआप उलगडलं. प्राध्यापिकाबाईंनी ते फक्त शब्दांत मांडलं.'"

मी मान डोलावली. फाटकाशी गाडी थांबली. मघाचाच गार्ड खिडकीशी आला आणि वाकून आत पाहू लागला. ताकाबरोबर मामांची मिशी केव्हाच गेली होती. डगला मात्र अंगात होता.

"नल ठीक करने आए थे न?" त्यानं विचारलं. "अब गाड़ी में? आप हैं कौन?"

मामांनी तोंड उघडलं. "मैं..." प्लंबर म्हणावं तर गाडीत कसे, गुप्तहेर म्हणावं तर ओळखपत्र कुठे, आणि मुद्रितशोधकाला हिंदीत काय म्हणतात ते त्यांना आठवेना. पंचक्रोशीतल्या गुन्हेगारांच्या तोंडचं पाणी पळवणारा माणूस गार्डकडे नुसता बघत राहिला.

"मेरे मामा हैं," मी म्हणाले.

"अरे, तो पहले बताना था न, मामाजी!" गार्ड हसला आणि त्यानं अडसर वर केला.

मोठा रस्ता लागला तसा मामांनी डगला काढून मागच्या सीटवर टाकला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "अक्षया, माझ्या त्या मजकुरात एक ओळ वाढव."

"सुरुवातीला?"

"छी! जुळवून झालेल्या मजकुरात मधे काही घुसडायचं नसतं. अगदी शेवटी जोड."

"काय लिहू?"

"लिही, 'भाऊसाहेब रामटेके हे अक्षयाचे मामा आहेत.'"